ओव्याचं फूल : थाईमची कुंडी, हुकवर्म आणि स्वयंपाकघरातला ओवा



गेल्या महिन्यात एक ओळखीच्या काकू तपासणीला आल्या. रक्तदाब बघून झाला, गोळ्या लिहून झाल्या. उठताना त्यांनी पिशवीतून एक लहानशी फांदी काढून माझ्यासमोर धरली. लेकीनं पुण्याच्या नर्सरीतून कुंडी आणली होती. जमिनीलगत पसरणारं झाड, तिळाएवढी पानं. "डॉक्टर, लेक म्हणते हे थाईम आहे, खोकल्याला चांगलं असतं. पण मला तर वास सरळ ओव्याचा येतोय. हा काय विलायती ओवा आहे का?"

काकूंच्या नाकाला पूर्ण गुण द्यायला हवेत. थाईम आणि ओवा यांच्यात वनस्पती म्हणून काही नातं नाही, पण दोघांचा वास ज्या पदार्थामुळे येतो तो एकच आहे. त्याचं नाव थायमॉल. एके काळी जगभरच्या डॉक्टरांच्या हातात तो जंतांवरचा मोठा इलाज होता. त्याने लाखो लोकांचा पांडुरोग बरा केला, आणि चुकीच्या पद्धतीने घेतल्यावर काहींचे जीवही घेतले. आज त्याचीच गोष्ट सांगतो. शेवटी कुंडी कशी लावायची तेही सांगेन. पण आपल्या बीड जिल्ह्यात ओवा आणि जंत या जोडीबद्दल जे समज आहेत, त्यांच्यासाठी हा इतिहास जास्त कामाचा आहे.

तीन झाडं, एक वास

आधी झाडं ओळखून घेऊ.

आपला स्वयंपाकघरातला ओवा हा जिरे, धने, बडीशेप यांच्या कुटुंबातला. छत्रीसारखे पांढरे फुलोरे येतात आणि आपण ज्याला दाणे म्हणतो ती खरं तर त्याची बारीक फळं असतात.

थाईम हे तुळस आणि पुदिना यांच्या कुटुंबातलं. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, दगडाळ टेकड्यांवरचं. त्यातलीच जमिनीवर सरपटत पसरणारी जात म्हणजे काकूंची कुंडी. तिची एक जवळची बहीण आपल्या हिमालयातही उगवते. तिकडचे लोक तिला काय म्हणतात माहीत आहे? बनअजवायन, म्हणजे रानओवा! काकूंच्या आधी हिमालयातल्या लोकांच्या नाकानेही हाच निकाल दिलेला आहे.

तिसरा आहे पानओवा. जाड, मऊ, लव असलेली पानं. अनेकांच्या अंगणात किंवा गॅलरीत असतो आणि पावसाळ्यात त्याची भजी होतात. हाही तुळशीच्या कुटुंबातला, म्हणजे नात्याने थाईमचा चुलतभाऊ. त्याच्या पानांत थायमॉल आणि त्याचंच जुळं भावंड कार्व्हाक्रॉल ही दोन्ही द्रव्यं असतात.

पुण्याच्या दुकानातलं फूल

१७१९ साली बर्लिनमध्ये कास्पर नॉयमन नावाच्या राजदरबारी औषध-रसायनतज्ज्ञाला थाईमच्या तेलात स्फटिक मिळाले. कापरासारखे दिसतात म्हणून त्याने त्यांना थाईमचा कापूर म्हटलं. १८५३ साली लालमाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ शुद्ध केला आणि त्याचं थायमॉल असं बारसं झालं.

इकडे आपल्या देशात हाच पदार्थ बाजारात विकला जात होता. ओव्याचा अर्क काढायचा, त्याचं तेल थंड जागी उघडं ठेवायचं, की त्यात स्फटिक जमतात. त्यांना हिंदीत अजवायन का फूल म्हणत, आपण ओव्याचं फूल किंवा ओवाफूल म्हणतो. हे फूल उज्जैनकडे तयार व्हायचं आणि पुण्यासह दख्खनच्या दुकानांत मिळायचं, अशी नोंद फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ सालच्या फार्माकोग्राफिया या औषधी द्रव्यांवरच्या प्रसिद्ध ग्रंथात आहे. १८५५ मध्ये स्टेनहाउस आणि १८५६ मध्ये हेन्स या रसायनशास्त्रज्ञांनी हे स्फटिक तपासले, तेव्हा ते थाईममधल्या थायमॉलशी तंतोतंत जुळले.

म्हणजे बर्लिनच्या प्रयोगशाळेतलं द्रव्य आणि पुण्याच्या दुकानात पुडीत बांधून मिळणारं फूल एकच होतं. फायद्याच्या दृष्टीने तर ओवाच सरस ठरला. त्यात तेल भरपूर आणि तेलात थायमॉलही भरपूर. त्यामुळे पुढे जगाला थायमॉल पुरवण्याचं काम थाईमपेक्षा ओव्यानेच जास्त केलं.

थायमॉल जंतुनाशक असल्याचं लवकरच लक्षात आलं. त्या काळात जोसेफ लिस्टर यांच्यामुळे शस्त्रक्रियेत कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात झाली होती, पण ते त्वचेला भाजायचं. थायमॉल त्याहून सौम्य आणि वासाला बरं. म्हणून जखमेच्या पट्ट्यांत त्याचा वापर झाला. १८७९ साली अमेरिकेत लिस्टर यांच्याच नावावरून लिस्टरीन आलं. आज त्याने चूळ भरताना जी झणझण होते, तिच्यात थायमॉलचा वाटा आहे.

बोगद्यातला पांडुरोग

त्याच सुमारास आल्प्स पर्वताखालून १५ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड रेल्वे बोगदा खोदला जात होता. १८७२ ला काम सुरू झालं, १८८० मध्ये दोन्ही बाजू एकमेकांना भेटल्या. मजूर बहुतेक इटलीतले गरीब. बोगद्यात उष्णता आणि ओल, शौचालयाची सोय नाही. हे मजूर हळूहळू पांढरेफटक पडू लागले. चार पावलं चालले तरी धाप, पायांवर सूज, काम होईना. आधी सगळे म्हणायचे की आतली हवाच खराब आहे.

तुरिनमधल्या एदोआर्दो पेरोंचितो आणि इतर डॉक्टरांनी या मजुरांच्या आतड्यांत सेंटिमीटरभर लांबीचे जंत दाखवून दिले. हा जंत मिलानच्या आंजेलो दुबिनी यांना १८३८ मध्येच एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात दिसला होता. यालाच आपण हुकवर्म म्हणतो. तो आतड्याच्या अस्तराला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला फार थोडं रक्त घेतो. आपल्याकडे जास्त आढळणारी जात साधारण ०.०३ मिलिलिटर. पण २०० जंत असतील तर दिवसाला सहा मिलिलिटर झाले. रक्तदानात ३५० मिलिलिटर रक्त काढतात. म्हणजे अशा माणसाचं दर दोन महिन्यांनी नकळत एक रक्तदान होत असतं, आणि तेही वर्षानुवर्षं.

तुरिनचेच कामिल्लो बोत्सोलो यांनी १८८० च्या आसपास या जंतावर थायमॉल वापरलं आणि ते लागू पडलं. पुढची तीसेक वर्षं हुकवर्मचं मुख्य औषध थायमॉलच होतं.

जंत शरीरात शिरतो कसा, हे १८९८ मध्ये कैरोत आर्थर लूस यांना योगायोगाने कळलं. अळ्या असलेलं पाणी त्यांच्या हातावर सांडलं, तिथे खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्या शौचात हुकवर्मची अंडी सापडली. म्हणजे हा जंत मुख्यतः कातडीतून, अनवाणी पायांतून आत येतो. उघड्यावर शौच केलेल्या ओलसर, सावलीच्या जमिनीत त्याच्या अळ्या तयार होतात आणि पायाची वाट बघतात.

औषध की विष?

१९०९ साली जॉन रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात हुकवर्मविरुद्ध पाच वर्षांची मोहीम सुरू झाली. शाळकरी मुलांची तपासणी केली तर सुमारे ४० टक्के मुलांत हा जंत निघाला. चार लाखांहून जास्त लोकांना औषध दिलं गेलं. औषध होतं थायमॉल.

ते देण्याची पद्धत मात्र नीट वाचा. आदल्या संध्याकाळी हलकं जेवण आणि एप्सम सॉल्टचा जुलाब. सकाळी उपाशीपोटी थायमॉलचा अर्धा डोस, दोन तासांनी उरलेला अर्धा, त्यानंतर दोन तासांनी पुन्हा जुलाब. मोठ्या माणसाचा एकूण डोस असायचा साधारण चार ग्रॅम. आणि सर्वांत महत्त्वाची ताकीद अशी, की त्या दिवशी तेल, तूप, लोणी, दूध, दारू यांतलं काहीही घ्यायचं नाही.

असं का? थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, पण तेलात आणि दारूत सहज विरघळतं. आपल्याला ते आतड्यातल्या जंतापर्यंत पोहोचवायचं आहे, रक्तात नको आहे. पोटात स्निग्ध पदार्थ असला की ते विरघळून रक्तात शिरतं. मग पोटात आग, उलट्या, चक्कर, नाडी मंद, लघवी काळसर-हिरवट, आणि जास्त झालं तर बेशुद्धी आणि मृत्यू. असे मृत्यू झाले म्हणूनच ही ताकीद एवढी कडक होती. एरंडेलाचा जुलाबही वर्ज्य होता. जुलाब असला तरी ते तेलच, म्हणून एप्सम सॉल्ट.

पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत भारतातला ओवा मुख्यतः जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल निघायचं. १९१४ मध्ये लढाई पेटली, ही वाट बंद झाली, थायमॉलचे भाव भडकले आणि ज्या देशाचा ओवा होता तिथेच थायमॉल काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. दरम्यान डॉक्टरही दुसरं औषध शोधू लागले होते. चिनोपोडियमचं तेल आलं, १९२१ मध्ये मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइड पुढे आणलं, पण ते यकृताला घातक. पुढे त्याच गटातलं जरा सुरक्षित औषध आलं. १९७० च्या दशकात मेबेंडॅझोल आणि अल्बेंडॅझोल यांचा जमाना सुरू झाला. थायमॉल जंतांच्या औषधांतून कायमचं बाद झालं.

एक साधा हिशोब

आता तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, म्हणजे ओवा जंतांवर चालतो हे खरंच आहे की!" आपल्या ग्रंथांतही ते आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात यवानी, म्हणजे ओवा, पोटफुगी, पोटदुखी आणि कृमी यांवर सांगितला आहे. मग थोडा हिशोब करू.

एक चमचा ओवा म्हणजे साधारण दोन ग्रॅम. त्यात तेल दोन ते चार टक्के, म्हणजे सरासरी ६० मिलिग्रॅम धरा. त्यातलं निम्मं थायमॉल म्हणजे ३० मिलिग्रॅम. हुकवर्मसाठी लागायचं चार ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. भागाकार करा. एकशे तीसच्या वर चमचे ओवा दोन तासांत खावा लागेल, म्हणजे पाव किलोहून जास्त!

या हिशोबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, चमचाभर ओवा खाऊन हुकवर्म मरत नाही. दुसरी, भज्यांत, धपाट्यांत, कडबोळ्यांत किंवा जेवणानंतर चिमूटभर ओवा खाल्ल्याने कुणालाही विषबाधा होत नाही. ओवा हा मसाला आहे, निवांत खा.

ओवाफुलाची गोष्ट मात्र वेगळी. ते जवळजवळ शुद्ध थायमॉल असतं. हरभऱ्याएवढ्या खड्यात कित्येक चमचे ओव्याचा ऐवज असतो. कापूर, पुदिनाफूल आणि ओवाफूल हे तीन कोरडे पदार्थ एकत्र केले की त्यांचं आपोआप पाणी होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. लाहोरचे वैद्य पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेली अमृतधारा ती हीच. घराघरांत तिची बाटली असते. ती थेंबांत मोजायची वस्तू आहे आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. त्यातला कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

आपल्या जिल्ह्यात याचं काय?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोपीत राहणं, पहाटे फडात उतरणं, शौचाला उसाचं किंवा बांधाकडेचं रान. गोटहार्डच्या बोगद्याचं वर्णन पुन्हा आठवा. ओल, सावली, उघड्यावर शौच आणि अनवाणी पाय. आपली कोरडी मुरमाड जमीन हुकवर्मच्या अळीला मानवत नाही, पण पाटाच्या पाण्याखालचा उसाचा फड मानवतो.

उन्हाळ्यात ही मंडळी परत आली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "दम लागतोय, चालवंना, पायात गोळे येतात." डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की पांढरी. एकदा अशीच एक बाई आली, हिमोग्लोबिन साडेपाच. जंतांचं औषध कधी घेतलं का विचारलं, तर म्हणाली, "घेतलं की. दर सालाला ओव्याचं फूल घेते, एरंडेलात." मी क्षणभर गप्प झालो. ज्या जोडीला शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, नेमकी तीच. डोस लहान होता म्हणून ती बचावली होती, आणि लहान होता म्हणूनच जंतही बचावले होते. शौच तपासणीत हुकवर्मची अंडी सापडली. अल्बेंडॅझोल दिलं, लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू ठेवल्या. पुढच्या हंगामाला जाताना तिचं हिमोग्लोबिन अकरा होतं.

तिला कुणी अडाणी म्हणू नका. ओवाफूल जंतांवर चालतं, हे तिच्या सासूला कुणीतरी सांगितलं असेल आणि ते एके काळी खरंही होतं. मधल्या काळात वैद्यकाने काय शिकलं आणि काय सोडून दिलं, ते मात्र तिच्यापर्यंत कुणी पोहोचवलं नाही. ते काम आमचं, डॉक्टरांचं होतं.

आज जंतांसाठी अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चघळून खायची असते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, आणि लहानग्यांना कुस्करून पाण्यातून द्यायची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळा आणि अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ती मोफत मिळते. मूल ऊसतोडीला बरोबर गेलं असेल तर ती हुकते, तेव्हा परत आल्यावर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये, नंतरही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि प्रत्येक पांडुरोग जंतांचा नसतो. पाळीत जास्त रक्त जाणं, लोह कमी असलेला आहार, मूळव्याध, पोटातला अल्सर ही कारणंही तेवढीच मोठी आहेत. म्हणून तपासणी न करता नुसती रक्तवाढीची बाटली आणू नका.

आता कुंडीकडे

काकूंच्या थाईमला आपली काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. उथळ, रुंद, खाली भोकं असलेली कुंडी घ्या. निम्मी हलकी माती, निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि मूठभर शेणखत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फांदीचा तुकडा मातीत दाबला तरी मुळं फुटतात. सकाळचं ऊन भरपूर द्या, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावलीत हलवा. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यात छपराखाली ठेवा. आपल्याकडे थाईम उन्हाने मरतं त्याहून जास्त अतिपाण्याने मरतं. कोवळे शेंडे खुडत राहा, म्हणजे ते पसरतं.

शेंडे चहात, सूपमध्ये, वरणाच्या फोडणीत टाका. साध्या सर्दी-खोकल्यात गरम काढ्याने घशाला आराम मिळतो. मात्र खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, ताप किंवा वजन घटणं असेल, तर काढा बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्या.

थाईम नाही जगलं तर वाईट वाटून घेऊ नका. पानओव्याची एक फांदी शेजारणीकडून मागून आणा. ती टोचली की लागते, उन्हाळाही काढते.

लक्षात ठेवायचं एवढंच :

- ओवा, थाईम आणि पानओवा स्वयंपाकात बिनधास्त वापरा.
- ओवाफूल पोटात घेऊ नका, तेलातून किंवा एरंडेलातून तर मुळीच नाही.
- जंतांसाठी गोळी, पायात चप्पल आणि शौचालय.
- दम लागत असेल, चेहरा पांढरा पडला असेल तर हिमोग्लोबिन आणि शौच तपासून घ्या.

काकूंना मी त्या दिवशी सांगितलं, "हो, विलायती ओवाच आहे." त्या हसून म्हणाल्या, "मग घरचा काय वाईट होता?" वाईट काहीच नव्हता. जगाला थायमॉल तर त्यानेच पुरवलं.